अण्णा, मी आणि व्हेरोनाची नऊ फुटी टेबलं

पहाटे साडेपाचला न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो तेव्हा बाहेर उणे नऊ होतं. अण्णांच्या अंगात दोन स्वेटर, वर माझ्या नवऱ्याचं जाकीट, डोक्याला कानटोपी आणि तिच्यावरून मफलर. मागच्या सीटवर माझा क्यू (खेळायची काठी), धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, थर्मास. अण्णांच्या मांडीवर त्यांची पत्र्याची चपटी डबी. पुण्याहून येताना ती त्यांनी मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून आणली होती. "हिच्या क्यूची टिप बघायला लागेल," असं त्यांनी विमानतळावर माझ्या भावाला सांगितलं होतं म्हणे. टिप म्हणजे क्यूच्या टोकाला बसवलेली चामड्याची चकती. सहा महिने मुलीकडे राहायला येणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं आणलेलं हे मुख्य सामान.

आम्ही चाललो होतो न्यूयॉर्क राज्याच्या मधोमध, व्हेरोना नावाच्या गावी. तिथे टर्निंग स्टोन नावाचा कसिनो आहे आणि तिथे टर्निंग स्टोन क्लासिक ही नाइन बॉलची, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावर खेळायच्या पूल या खेळातल्या एका प्रकाराची, स्पर्धा भरते. जॉस नॉर्थईस्ट टूर या पूलच्या स्पर्धामालिकेचा माइक झुग्लन ती भरवायचा. जगातले नावाजलेले खेळाडू तिथे येतात. स्कॉटलंडचा जेसन शॉ ही स्पर्धा अनेकदा जिंकलाय. हा तोच शॉ, ज्यानं 2022 मध्ये स्ट्रेट पूल या पूलच्या दुसऱ्या प्रकारात एकही न चुकवता ओळीनं 714 बॉल पाडले. पण मला तिकडे ओढणारी गोष्ट वेगळीच होती. ही स्पर्धा खुली आहे. 128 जणांच्या यादीत जागा असली आणि तुम्ही वेळेत फी भरली, की तुमचं नाव लागतं. तुम्ही कोण, कुठल्या क्लबाचे, कुणाची शिफारस, बाई का पुरुष, कोणी विचारत नाही. पहिल्याच फेरीत जगज्जेता समोर येऊ शकतो.

ही गोष्ट मला एवढी का लागली ते सांगायचं तर अण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णा पुण्यातल्या एका क्लबात एकतीस वर्षं मार्कर होते. ज्यांनी बिलियर्ड्सची खोली कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्कर म्हणजे टेबल सांभाळणारा माणूस. सकाळी कापडावरून ब्रश फिरवायचा, तोही एकाच दिशेनं. मग त्यावरून इस्त्री. बॉल पुसायचे, क्यूच्या टिपा बदलायच्या, दिवे लावायचे, आणि सदस्य खेळायला आले की उभं राहून स्कोअर पुकारायचा. नवा सदस्य आला तर त्याला शिकवायचं, आणि खेळायला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळायचंसुद्धा. अण्णांशी खेळून खेळून किती जण तयार झाले! पण क्लबाची वार्षिक स्पर्धा सदस्यांची. मार्करला तिच्यात जागा नव्हती. एकतीस वर्षं अण्णांनी त्या स्पर्धेचे अंतिम सामने पुकारले, विजेत्याच्या हातात टॉवेल दिला आणि रात्री टेबलावर कव्हर घालून घरी आले.

मी शिकले ती रात्री साडेदहानंतर, ते कव्हर घालायच्या आधीच्या अर्ध्या तासात. मी अकरा वर्षांची होते, क्यू माझ्यापेक्षा लांब होता. एकच दिवा चालू ठेवायची परवानगी अण्णांनी मॅनेजरकडून काढली होती. त्या दिव्याखाली अण्णा पांढरा बॉल ठेवायचे आणि म्हणायचे, "रंगीत बॉलकडे नको बघूस. तो जाईल. पांढरा कुठं थांबतो ते सांग आधी."

गाडीत ऑल्बनीपर्यंत त्यांनी फारसं तोंड उघडलं नाही. ऑल्बनीला थ्रूवे, म्हणजे न्यूयॉर्कचा महामार्ग, पश्चिमेकडे वळतो आणि मोहॉक नदीच्या खोऱ्यातून जातो. नदी गोठलेली, दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधेच लाल कोठार. ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारी हवा इकडे बर्फ आणून टाकते. युटिका जवळ आलं तसं पुढचं काही दिसेना. मी ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून ताशी पस्तीस मैलांनी गाडी हाकत होते. अण्णा म्हणाले, "बोलत राहा काहीतरी. झोप नको यायला."

म्हणून मी त्यांना एफ्रेन रेयेसची गोष्ट सांगितली. फिलिपीन्सचा हा माणूस लहानपणी मनिलाला काकाकडे राहायला आला. काकाचा पूल हॉल होता. पोरगा तिथे पडेल ते काम करायचा आणि रात्री टेबलावरच झोपायचा. उंची पुरत नव्हती म्हणून कोका-कोलाच्या क्रेटवर उभा राहून खेळायला शिकला. 1985 मध्ये अमेरिकेत आला तो सीझर मोरालेस असं खोटं नाव लावून, कारण खरं नाव ऐकलं असतं तर पैसे लावून खेळायला कोणी तयार झालं नसतं. 1995 मध्ये नेवाडातल्या रीनोला, सँड्स रीजन्सी कसिनोतल्या स्पर्धेत अर्ल स्ट्रिकलँडनं त्याला आडोशामागं अडकवलं, तेव्हा त्यानं पांढरा दोन कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांवरून, नागमोडी वळवून लपलेला बॉल पॉकेटमध्ये घातला. तो शॉट लोक अजून बघतात. 1999 मध्ये कार्डिफला तो जगज्जेता झाला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मार्करच की हा."

अण्णांचं दैवत मात्र विल्सन जोन्स. पुण्यात जन्मलेला माणूस. 1958 मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकला आणि कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय ठरला. 1964 मध्ये पुन्हा जिंकला. आमच्या घरी देवांच्या तसबिरींच्या शेजारी वर्तमानपत्रातून कापलेला त्याचा फोटो होता. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातलाच, हे अण्णा भेटेल त्याला सांगतात.

तेहतीस नंबरच्या एक्झिटला उतरलो आणि समोर, मैलोन्मैल काहीच नसलेल्या सपाट बर्फात, एकदम उंच हॉटेल उभं. आजूबाजूला मक्याची शेतं, पेट्रोल पंप आणि एवढी मोठी काचेची इमारत. कसिनो ओनायडा या मूळ अमेरिकन राष्ट्राच्या मालकीचा आहे. 1993 मध्ये सुरू झाला, न्यूयॉर्क राज्यातला पहिला कायदेशीर कसिनो. पूलच्या मोठ्या स्पर्धा अशा आडगावच्या कसिनोत का होतात ते तिथे गेल्यावर समजतं. एका छताखाली एवढा मोठा हॉल, शेकडो खोल्या, चोवीस तास जेवण आणि पायी फिरण्याएवढी पार्किंगची जागा शहरात कुठे मिळणार? आणि जानेवारीत, एवढ्या बर्फात, खोल्या भरायला कोणीतरी हवंच असतं.

हॉलकडे जायचं तर जुगाराच्या यंत्रांमधून जावं लागतं. अण्णा जाकिटाच्या खिशावर हात दाबून, नजर सरळ ठेवून चालले. त्यांना त्या घंट्या आणि दिवे आवडले नाहीत. पूल म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर जुगार आणि वाया गेलेली पोरं येतात. आमच्या चाळीत मी रात्री अकराला अण्णांबरोबर घरी यायचे तेव्हा काय काय बोललं जायचं ते मला माहीत आहे. त्यामुळे आपण इतक्या लांब येऊन नेमकं कसिनोतच शिरतोय हे त्यांना खुपत असणार. तोंडानं काही बोलले नाहीत.

हॉलचं दार उघडलं आणि आवाज बदलला. मागे घंट्या, पुढे बॉलवर बॉल आपटल्याचा तो कोरडा, स्वच्छ ठोका. एकाच वेळी कितीतरी टेबलांवरून. अण्णा दारातच थांबले. कानटोपी काढली.

मग ते पहिल्या रिकाम्या टेबलाजवळ गेले, इकडेतिकडे बघितलं आणि तळहात कापडावर ठेवला. आधी एका दिशेनं फिरवला, मग उलट. पुन्हा फिरवला.

"लव नाही गं याला."

क्लबातल्या स्नूकरच्या कापडाला लव असते. एका बाजूनं हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. हळू मारलेला बॉल त्या लवेनं किंचित वाकतो, म्हणून तर ब्रश एका दिशेनं मारायचा. पूलचं कापड वेगळं विणतात, त्याला लव नसते. बॉल सुटला की घसरतच जातो. अण्णांनी आयुष्यभर जे काम केलं त्याची इथे गरजच नव्हती. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते वाकून पॉकेट बघत होते. "आणि ओठ बघ. आपल्याकडे गोल असतात. हे कापल्यासारखे सरळ. कुशनला चिकटून आलेला बॉल इथे दोन्हीकडे आपटून बाहेर येणार." बॉल हातात घेऊन वजन केलं. पूलचा बॉल सव्वादोन इंची, स्नूकरच्या बॉलपेक्षा अंगानं मोठा. मग कडेच्या लाकडात जडवलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवत मोजायला लागले. अठरा. मी सांगितलं की इकडे कुशनवरून कोन काढताना हे ठिपके मोजतात. "आपण नुसत्या नजरेनं काढायचो," ते म्हणाले. त्यात फुशारकी नव्हती, नोंद होती.

खरा घोळ संध्याकाळी झाला. सरावाला उभी राहिले आणि तिसऱ्याच ब्रेकला, म्हणजे बॉल फोडायच्या पहिल्या फटक्याला, माझी टिप सुटून आली. थंडीनं गोंद गेला की मीच गेले काही दिवस लक्ष दिलं नव्हतं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. हॉलच्या कडेला क्यू दुरुस्त करणारा एक जण छोटा लेथ घेऊन बसला होता, पण त्याच्याकडे माझ्याआधी अकरा क्यू होते. अण्णांची डबी होती, पण तिच्यातल्या टिपा स्नूकरच्या, दहा मिलिमीटरच्या. माझ्या क्यूला जवळपास तेरा लागते.

अण्णा त्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ लेथकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "त्याला सांग, नुसती टिप विकत दे. बाकी मी करतो." त्यानं अण्णांकडे एकदा बघितलं, त्यांच्या हातातल्या उघड्या डबीकडे बघितलं, आणि मापाची चामड्याची टिप आणि गोंदाची छोटी बाटली काढून दिली. गोंदाचे पैसे घेतले नाहीत.

खोलीत अण्णांनी हॉटेलची पांढरी चादर गुंडाळून ठेवली, खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं आणि दिवा जवळ ओढला. क्यूचा दांडा दोन गुडघ्यांत धरला. ब्लेडच्या पानानं फेरूलवरचा, म्हणजे टिपेखालच्या टोपणावरचा, जुना गोंद खरवडला, एवढ्या हलक्या हातानं की पांढऱ्या फेरूलवर चरा उठला नाही. मग पॉलिश पेपर तळहातावर सपाट धरून त्यावर फेरूलचं तोंड घासलं. डोळ्यांसमोर आडवं धरून बघितलं. पुन्हा घासलं. टिपेची पाठ घासली, म्हणजे गोंद धरेल. एक थेंब. टिप बसवली, अंगठ्यानं दाबली आणि क्यू उलटा करून, टिप मेजावर टेकवून, वरून आपल्या अंगाचं वजन दिलं. मला म्हणाले, "शंभर मोज." मी मोजले.

कडेचा जास्तीचा भाग ब्लेडनं कापला, बाहेरून आत नव्हे, वरून खाली, क्यू गोल फिरवत. कड थुंकी लावून ओली केली आणि कापडानं घासून घासून चकाकवली. शेवटी डबीतून पन्नास पैशांचं जुनं स्टीलचं नाणं काढलं. टिपेची गोलाई कशी हवी, तर या नाण्याच्या कडेसारखी. अमेरिकेतही हेच करतात, फक्त इकडे पाच सेंटचं नाणं, ज्याला निकेल म्हणतात, ते लावून बघतात. माझ्या पर्समधलं निकेल मी त्यांच्या नाण्यावर ठेवलं. जेमतेम काठ दिसत होता. अण्णांनी ती दोन्ही नाणी दिव्याखाली धरली, एकदा याची कड लावून बघितली, एकदा त्याची, आणि निकेल डबीत टाकून दिलं.

साडेबारा वाजले होते. धपाटे गार झाले होते, तसेच खाल्ले.

सकाळी यादी लागली. माझ्यासमोर एक तिशीतला व्यावसायिक खेळाडू. त्याचं नाव लिहीत नाही, पण या खेळाच्या नादी असलेल्या माणसाला ते माहीत असेल. नाइन बॉलचा नियम सोपा आहे. टेबलावर एक ते नऊ बॉल, पांढऱ्यानं आधी सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला शिवायचं, आणि नऊ नंबर पाडेल त्याचा रॅक, म्हणजे डाव. नऊ रॅक आधी घेईल तो जिंकला.

मी नऊ-दोन हरले. पण त्यातला एक रॅक मला इथे मांडायचा आहे.

स्कोअर तीन-एक होता. माझा ब्रेक चांगला बसला, एक आणि दोन मी पाडले, तीनवर माझा पांढरा थोडा लांब गेला. कठीण होता, पण मी मारला आणि तीन ओठावर आपटून बाहेर आला, अण्णांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं अगदी तसा. समोरचा खेळाडू उठला. तीन सरळ दिसत होता, मला वाटलं पाडेल. त्यानं पाडला नाही. टेबलाभोवती एक चक्कर मारली, सहा आणि आठ जवळजवळ उभे होते त्यांच्याकडे बघितलं, आणि तीनला असा अलगद स्पर्श केला की तीन दूरच्या कुशनला जाऊन चिकटला आणि पांढरा परत येऊन सहा-आठच्या मागे, एका बॉलएवढ्या फटीत, उभा राहिला. टाळ्या नाहीत, काही नाही. तीन पाडला असता तर चार अवघड होता, हे मला नंतर कळलं. त्याला आधीच दिसलं होतं.

मी एका कुशनवरून तीनला शिवले. शिवले हेच खूप होतं. पण पांढरा मोकळा राहिला आणि त्यानं तीनपासून नऊपर्यंत सगळं साफ केलं. मी खुर्चीत बसून बघत होते. सात बॉल, आणि त्याच्यासाठी त्यातला एकही लांबचा नव्हता. प्रत्येक वेळी पांढरा पुढच्या बॉलच्या शेजारी जाऊन थांबायचा, पाळीव असल्यासारखा. त्यानं पांढऱ्याला साइडसुद्धा, म्हणजे बाजूनं मारून दिलेली फिरकी, फारशी दिली नाही. इकडे साइडला 'इंग्लिश' म्हणतात. मला आपली खूप इंग्लिश देऊन खेळायची सवय लागली होती, कारण लीगमध्ये ते बघणाऱ्याला छान वाटतं. अकरा वर्षांची असताना जे ऐकलं होतं ते मी मधल्या तीस वर्षांत कुठेतरी सोडून दिलं होतं, आणि हा माणूस ते मला एक शब्द न बोलता दाखवत होता.

सामना संपल्यावर त्यानं हात मिळवला. अण्णांशीही मिळवला. टिप कोणी लावली म्हणून विचारलं, कारण माझा क्यू मेजाला टेकलेला त्यानं बघितला होता. मी अण्णांकडे बोट केलं. त्यानं टिपेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

हरल्यावर इथे लगेच घरी जायचं नसतं. एकदा हरलेल्यांची दुसरी बाजू असते, तिथे पुन्हा संधी मिळते, दोनदा हरलात की बाहेर. माझा दुसरा सामना संध्याकाळी होता, स्कूल बस चालवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी. हळू, विचार करून खेळणारा माणूस. सुरुवातीच्या फेऱ्यांना प्रत्येक टेबलाला पंच नसतो. शेजारच्या मेजावर पलटायचे आकडे ठेवलेले असतात, खेळाडूंनी स्वतःच पलटायचे.

दोन-दोन झाल्यावर आम्ही दोघंही आकडे पलटायला विसरलो. अण्णा खुर्चीवरून उठले, मेजाशी गेले आणि आकडे बरोबर केले. परत येऊन बसले नाहीत. तिथेच उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, टेबलापासून दोन पावलं दूर, खेळणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत न येता. कुठे उभं राहायचं हे त्यांच्या पायांना आपोआप कळत होतं. पुढच्या रॅकनंतर त्यांनी आकडा पलटला आणि हळू, पण स्पष्ट आवाजात पुकारलं, "थ्री–टू."

तो आवाज मी वीस वर्षांनी ऐकला. घरातला नव्हे, क्लबातला. इंग्रजी आकडे, शेवटचा किंचित लांबवलेला.

त्या गृहस्थांना अण्णा स्पर्धेचेच कोणी वाटले असावेत. एकदा पांढरा नक्की कशाला आधी शिवला यावरून शंका आली. दोघंही अडलो. ते अण्णांकडे वळून म्हणाले, "सर, तुम्हाला काय दिसलं?"

अण्णांना कोणी सर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. एकतीस वर्षं तेच सगळ्यांना साहेब म्हणत आले. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग पुढे आले, टेबलावर वाकले, बोटानं रेषा दाखवली आणि म्हणाले, "फाउल. माय डॉटर, फाउल." फाउल माझाच होता. पांढरा त्या गृहस्थांच्या हातात गेला, म्हणजे हवा तिथे ठेवून खेळायला मिळाला, आणि त्यांनी तो रॅक घेतला.

शेवटी मी नऊ-सात हरले. स्पर्धेतून बाहेर. त्या गृहस्थांनी माझ्याआधी अण्णांना हात दिला.

आम्ही खोली आणखी दोन रात्री ठेवली, कारण आता नुसतं बघायचं होतं. मधे एकदा शेजारच्या कॅनस्टोटाला जाऊन बॉक्सिंगचं हॉल ऑफ फेम बघून आलो. एवढ्याशा गावात ते का, तर जगज्जेता कारमेन बॅसिलिओ तिथला. बाकी सगळा वेळ हॉलमध्ये. रात्री एक-दोन वाजेपर्यंत सामने चालायचे. अण्णा हॉटेलच्या कागदाच्या पॅडवर प्रत्येक रॅक लिहून ठेवायचे: कुणाचा ब्रेक, किती बॉल, कुठे चुकला. दोन बायका स्पर्धेत अजून टिकून होत्या, त्यांच्या टेबलाजवळ ते जास्त वेळ बसायचे. मी त्यांना जीन बाल्युकसबद्दल सांगितलं. ब्रुकलिनची मुलगी, 1972 पासून 1978 पर्यंत सलग सात वेळा महिलांची यूएस ओपन जिंकली, पहिल्यांदा जिंकली तेव्हा अजून शाळकरी. अण्णांनी पॅडवर तिचं नाव लिहून घेतलं.

कॉफीच्या रांगेत कोणीतरी 'कलकटा' म्हणालं तेव्हा अण्णांनी कान टवकारले. अमेरिकेत पूलच्या कितीतरी स्पर्धांत आधी खेळाडूंची बोली लागते. तुम्ही ज्याच्यावर बोली जिंकली तो जिंकला तर जमलेल्या पैशातला वाटा तुमचा. त्या बोलीला कलकटा म्हणतात, आणि नाव आलंय कलकत्त्याच्या घोड्यांच्या शर्यतींवरच्या जुन्या सोडतीवरून. अण्णांना त्या बोलीत रस नव्हता. "जोन्स जिंकला तेच कलकत्ता," एवढंच म्हणाले, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

शेवटच्या सकाळी मी सामान गाडीत ठेवून परत आले तर अण्णा नोंदणीच्या मेजाशी उभे. मेजामागचा मुलगा त्यांना काहीतरी सांगत होता आणि अण्णा मान डोलवत होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. चौकशी केली." त्यांच्या हातात यादीचा एक कागद होता, 128 नावांचा. माझं नाव होतं त्या ओळीला त्यांनी पेन्सिलीनं खूण केली होती. लग्नानंतरही मी माहेरचंच आडनाव लावते, त्यामुळे छापलं होतं ते त्यांचं आडनाव. कागद चार घड्या करून डबीत, नाण्यांच्या खाली गेला.

परतताना आभाळ मोकळं होतं. बर्फावर ऊन पडलं की डोळे दिपतात, मी अण्णांना माझा जुना गॉगल दिला. युटिका गेलं, लिटल फॉल्स गेलं. वाटेत एका ठिकाणी थांबून थर्मासमधला चहा प्यालो. तेव्हा त्यांनी विचारलं, "फी किती भरली होतीस?" मी आकडा सांगितला. त्यांनी मनात रुपये केले, मला ओठ हलताना दिसले. काही बोलले नाहीत.

ऑल्बनीच्या अलीकडे म्हणाले, "एडिसनजवळ नऊ फुटी टेबल कुठं आहे? लव नसलेलं?"

"आहे की. आमच्या लीगचा हॉल आहे. वीस मिनिटं."

"सकाळी उघडतो?"

"अकराला."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. "लांबच्या बॉलला अंदाज येत नाही अजून. मोतीबिंदूनंतर जरा वेगळं दिसतं. आणि पांढरा फार पळतो त्या कापडावर. तीन-चार महिने तरी रोज मारायला पाहिजे."

"मारते ना अण्णा. या वेळी नीट सराव करते."

"तू कर गं. मी माझं बोलतोय. त्या मुलाला विचारलं मी, वयाची अट नाही म्हणाला."